ऊस पाण्यात उभा, तरी तहानलेला



गेल्या पंधरा दिवसांत नदीकाठच्या पट्ट्यातून चार-पाच जणांनी उसाचे फोटो पाठवले. गाऱ्हाणं सगळ्यांचं एकच. पूर्वहंगामी ऊस, पाच-सहा महिन्यांचा. सरीत पाय रुतेल एवढी ओल. आणि दुपारी बाराला पानं सुरळी करून उभी. खालची पानं टोकाकडून करपत आलेली, कांड्या आखूड, मधेमधे टक्कल पडल्यासारखे चट्टे, आणि वरंब्याच्या माथ्यावर सकाळी सकाळी पांढरं फुटलेलं.

फोटोबरोबर प्रत्येकानं मिळालेला सल्लाही लिहिलाय. तोही सगळ्यांना एकच मिळालाय. "आण्णा, उन्हाळा कडक आहे, पाण्याची एक पाळी वाढवा. एकरी युरियाचं एक पोतं आणि पोटॅशचं एक पोतं टाका. आणि हे टॉनिक घ्या, मुळी चालू होईल." दुकानदारानं सांगितलं तर समजू शकतो, त्याला माल विकायचाय. पण हाच सल्ला शिकलेली, पदवी घेतलेली माणसंही देतात, तेव्हा मात्र राग येतो. कारण जीवशास्त्राच्या पुस्तकात परासरणाचा जो धडा आहे, ज्याला आपण ऑस्मोसिस म्हणतो, तो एकदा नीट वाचला असता तर या सल्ल्यातली निदान दोन कामं कुणी सांगितली नसती.

माझं म्हणणं सरळ आहे. हा ऊस पाणी नाही म्हणून सुकत नाही. मुळाशी पाणी आहे, पण ते त्याला ओढून घेता येत नाही. आणि आपण ओढणं आणखी अवघड करतोय.

आता धडा. परासरण प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात रोज घडतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात भांड्याच्या तळाला पाणी साठतं. ते पाणी कुणी ओतलेलं नसतं, फोडीतून बाहेर आलेलं असतं. उलट सुकलेला बेदाणा साध्या पाण्यात टाका, रात्रीत फुगतो. तोच बेदाणा साखरेच्या घट्ट पाकात टाका, तसा फुगत नाही. नियम एवढाच की पेशीच्या पडद्यातून पाणी सहज ये-जा करतं, मीठ-साखर तशी सहज करत नाही, आणि पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं. पाण्याला गोड्या-खाऱ्याशी देणंघेणं नसतं. जिकडं विरघळलेलं जास्त, तिकडं ते जाणार.

मुळाच्या पेशीत साखर, पोटॅशियम, आम्लं असं बरंच काही विरघळलेलं असतं. चांगल्या जमिनीत मातीतलं पाणी पातळ, पेशीतला रस दाट, म्हणून पाणी मातीतून मुळात. पेशी भरली की भिंतीवर आतून दाब येतो. निरोगी पानाच्या पेशीत हा दाब पाच ते दहा बार असू शकतो. मोटारीच्या टायरात सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज करा. पान ताठ उभं राहतं ते या दाबावर. दाब गेला की पान मऊ पडतं, ऊस पान गुंडाळतो, भाजीची पानं लोळतात.

आता मातीतल्या पाण्यातच मीठ वाढलं तर? दोन्ही बाजूंचा फरक कमी झाला, ओढ कमी झाली. मीठ फारच वाढलं तर पाणी उलटं मुळातून मातीत येतं, कैरीच्या फोडीसारखं. खोडाजवळ खताची मूठ पडली की रोप दोन दिवसांत जळतं, त्यात हेच घडलेलं असतं. आपण म्हणतो "खतानं जाळलं". जळतं काही नाही. लोणचं घातलंय आपण त्याचं.

इथं कुणी अभ्यासू मित्र म्हणेल की झाडात पाणी चढतं ते पानातून बाष्प उडाल्यानं जो ताण पडतो त्यानं, नुसत्या परासरणानं नाही. बरोबर आहे. दिवसा पाणी वर खेचण्याचं मुख्य काम पानं करतात. पण मुळाच्या आत एक कडं असतं, तिथं पेशींच्या मधल्या वाटा मेणासारख्या पट्टीनं बुजवलेल्या असतात, आणि पाण्याला निदान एकदा तरी पेशीच्या पडद्यातून जावंच लागतं. त्या दारात मातीतल्या मिठाचा पूर्ण हिशेब चुकता होतो. वरची ओढ कितीही असू दे, मिठानं अडवलेलं तेवढं तिच्यातून वजा होतं.

किती वजा होतं, हे मोजता येतं. अमेरिकेच्या शेती खात्याचं 'हँडबुक ६०' १९५४ साली निघालं. त्यातला ठोकताळा जगभर वापरतात. पाण्याची ईसी, म्हणजे विद्युतवाहकता डेसिसायमन प्रति मीटरमध्ये जितकी, तिला ०.३६ नं गुणा, परासरणाचा दाब बारमध्ये मिळतो. क्षारयुक्त जमिनीची पुस्तकी व्याख्या म्हणजे संपृक्त चिखलाच्या अर्काची ईसी ४ च्या वर. चारला ०.३६ नं गुणलं की जवळजवळ दीड बार. ऐकायला काहीच नाही. पण थांबा. हा आकडा माती पाण्यानं पूर्ण भरलेली असतानाचा. वाफशाला आलेल्या जमिनीत त्याच्या निम्मंच पाणी उरतं, मीठ मात्र तेवढंच राहतं. म्हणजे ईसी ८, दाब तीन बारला टेकलेला. पाळी लांबली, पाणी आणखी निम्मं झालं, की ईसी १६ आणि दाब पावणेसहा बार. ज्या जमिनीची मूळ ईसी ८ आहे तिथं याच टप्प्याला साडेअकरा बार. बहुतेक पिकं कायमची सुकतात तो टप्पा साधारण १५ बारचा धरतात. मातीच्या कणांनी धरून ठेवलेलं पाणी सोडवायची ओढ यात वेगळी मिळवायची. म्हणजे हातात घेतली तर ओलसर लागणाऱ्या मातीत ऊस मरणाच्या दाराशी उभा असतो. इंग्रजीत याला शारीरिक दुष्काळ अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडं म्हातारी माणसं म्हणतात, "रान ओलं हाय पर गार न्हाई." मला तो शब्द जास्त पटतो.

मास आणि हॉफमन या दोघांनी १९७७ साली पिकांची सहनशक्ती आकड्यात मांडली. उसाला ईसी १.७ पर्यंत काही होत नाही, पुढं दर एक अंकाला उत्पादन ५.९ टक्के घटतं. म्हणजे ईसी ८ च्या जमिनीत ३७ टक्के गेलं. एकरी साठ टनाचं रान ३८ टनावर आलं, आणि बाकी सगळं बरोबर असताना. द्राक्ष १.५ लाच कुरकुरायला लागतं, पुढं दर अंकाला ९.६ टक्के. कांदा तर १.२ ला, आणि पुढं १६ टक्के. ईसी ४ च्या जमिनीत कांद्याचं ४५ टक्के पीक गेलेलं असतं, आणि आपण करप्याच्या फवारण्या मोजत बसतो. कापूस मात्र ७.७ पर्यंत दाद देत नाही.

आता तो सल्ला एकेक करून बघू.

पाण्याची पाळी वाढवा. ही चूक टिकून राहते कारण पाणी दिल्यावर दोन दिवस खरोखर फरक दिसतो. पाण्यानं मुळाजवळचं मीठ पातळ होतं, पान उघडतं, शेतकरी म्हणतो, बघा, पाणीच कमी होतं. दुकानदार म्हणतो, मी सांगितलं नव्हतं? आठ दिवसांनी पान परत वळतं, परत पाळी. पण पाणी येताना रिकाम्या हातानं येत नाही. ईसी १ च्या पाण्यात लिटरला साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे एक लाख लिटरच्या थोडं वर, त्यात पासष्ट किलोच्या आसपास क्षार. वर्षाला ४० इंच पाणी दिलं, आणि पाटानं देणारे त्याहून खूप जास्त देतात, तर एकरात अडीच टनांच्या वर क्षार. पन्नास किलोची पन्नासच्या वर पोती. विहिरीची ईसी २ असेल तर शंभरच्या वर. पीक त्यातलं थोडंच घेतं. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. दरवर्षी.

कृष्णेचं पाणी त्या मानानं गोडं, हे मान्य. पण आमच्या शिवारातल्या कितीतरी विहिरी म्हणजे वरच्या अंगाच्या उसातून पाझरलेल्या पाण्याचा साठा. त्याच रानातलं मीठ फिरून त्याच रानात.

आणि खालून? निचरा नसलेल्या काळ्या रानात जास्तीचं पाणी कुठंही जात नाही, भूजल वर चढतं. ते पाच-सहा फुटांच्या आत आलं की मातीच्या बारीक छिद्रांतून दिव्याच्या वातीसारखं वर येत राहतं. वर ऊन आहे. पाणी उडतं, मीठ माथ्यावर पांढरं होऊन बसतं. म्हणजे आज पान उघडावं म्हणून दिलेली पाळी तीन आठवड्यांनी त्याच पानाची वाट अडवते.

"आमच्या बापानं याच्या दुप्पट पाणी दिलं आणि ऐंशी टन काढले," असं मला परवाच एकानं सुनावलं. काढले असतील. तेव्हा पाणी पंधरा-वीस फुटांवर होतं, दिलेलं जास्तीचं पाणी मीठ घेऊन खाली जायला जागा होती. ती जागा बापानं आणि त्याच्या शेजाऱ्यांनी भरून टाकली. आता टाकी भरलीय.

हे काही नवीन कळलेलं नाही, याचीच चीड येते. नीरा खोऱ्यात कालवा आला, मागोमाग खारवट जमिनी आल्या, आणि पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी त्या जमिनींवर १९१० साली मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यासाठी पुस्तिका लिहिली. एकशे दहा वर्षांच्या वर झाली. कर्नालची क्षार संशोधन संस्था १९६९ पासून आहे. आपल्या दाराशी कसबे डिग्रजचं केंद्र आहे. एवढं सगळं असताना नदीकाठचा पोरगा आजही पान वळलं की मोटार चालू करतो, आणि त्याला थांबवायचं सोडून आपण मोटारीची वेळ वाढवायला सांगतो.

दुसरी गोष्ट, खत. खतं हीसुद्धा मिठंच आहेत, रसायनाच्या भाषेत बहुतेक सगळी. कुठलं खत मातीच्या पाण्याचा दाब किती वाढवतं याचा निर्देशांक आहे, सोडियम नायट्रेट १०० धरून. त्यात म्युरेट ऑफ पोटॅश ११६, युरिया ७५, अमोनियम सल्फेट ६९, सल्फेट ऑफ पोटॅश ४६, डीएपी ३४ आणि सिंगल सुपर फॉस्फेट ८ च्या आत. म्हणजे क्षारपड रानातल्या सुकत्या उसाला सगळ्यात जास्त मीठ असलेलं पोतं सुचवलं जातंय, वर त्यात क्लोराईड आहे जे तिथं आधीच बक्कळ आहे. पोटॅशियम मिळालं तर पीक सोडियमला तोंड देतं, हे खरं. मग सल्फेटवालं घ्या, थोडं थोडं विभागून द्या. महाग आहे. पण स्वस्त पोतं टाकून तुम्ही पीक वाचवत नाही.

खताचं प्रमाणही लक्षात घ्या, नाहीतर कुणी सगळं खापर खतावर फोडून सेंद्रियाची पताका घेऊन नाचायला लागेल. पाण्यातून अडीच टन येत असताना एक पोतं पोटॅश सगळ्या एकरात विखुरलं तर ते किरकोळ. घात होतो तो जागेवर: सरीत एका पट्ट्यात, बुडाशी, ड्रीपच्या एका तोटीखाली. मुळीला एकराची सरासरी माहीत नसते, तिला तिच्या टोकाभोवतीचं पाणी माहीत असतं.

युरियाची गंमत तर बहुतेक सल्लागारांनाही माहीत नाही. ड्रीपची टाकी भरून ईसी मीटर बुडवतात, आकडा कमी दिसला की खूश. युरिया पाण्यात विरघळल्यावर त्याचे विद्युतभारित कण होत नाहीत, त्यामुळं मीटरला तो दिसतच नाही. पण परासरणाला दिसतो. एक टक्का युरियाचं द्रावण चार बारच्या आसपास दाब देतं, आणि मीटर जवळजवळ साध्या पाण्याचा आकडा दाखवतो. युरिया काही प्रमाणात पेशीत शिरतो, त्यामुळं त्याची ही ओढ फार टिकत नाही. पण काही दिवसांत त्याचा अमोनियम होतो आणि मग मीटरलाही दिसायला लागतो. तेव्हा टाकीतल्या आकड्यावर विसंबून ताकद वाढवू नका.

तिसरं, टॉनिक. यावर शब्द घालवायची इच्छा नाही, थोडक्यात सांगतो. पीक स्वतःसुद्धा हातपाय हलवतं. मातीतला दाब वाढला की पेशी आपला रस दाट करते, पोटॅशियम साठवते, प्रोलीन, ग्लायसीन बीटेन असले पदार्थ बनवते. त्यासाठी लागणारी साखर वाढीतून कापली जाते, कांडी आखूड होते ती त्यामुळंही. बाटलीवाले म्हणतात, हेच पदार्थ आम्ही बाहेरून देतो. काही प्रयोगांत अशा फवारणीचा फायदा दिसलेला आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या बाटलीनं तुमच्या एकरातलं एक किलो मीठ बाहेर जात नाही. आणि मीठ राहिलं की पहिल्या तहानेनंतर दुसरा मार बसतो: सोडियम आणि क्लोराईड हळूहळू पानात साठतात आणि जुनं पान टोकापासून मारत येतात. फोटोतलं करपणं ते आहे. म्हणजे तुमचा ऊस पहिला टप्पा ओलांडून दुसऱ्यात गेलाय.

परासरणाची ताकद कुणाला अजून पुस्तकी वाटत असेल तर तासगावच्या बागायतदाराला विचारा. घडात साखर भरलीय, मणी गोड झालाय, आणि रात्री अवकाळी पाऊस. सकाळी मणी उकललेले. वीस ब्रिक्सच्या मण्यातल्या रसाची ओढ पंचवीस बारच्या आसपास जाते, आणि बाहेर सालीवर पावसाचं मीठ नसलेलं पाणी. ते सालीतून, देठातून आत शिरतं, शिवाय मुळाकडून येणारं वेगळं, आणि सालीला ताण झेपत नाही. वर्षाची कमाई एका रात्रीत फोडणारी जी ओढ, तीच उसाच्या मुळाशी उलट्या बाजूनं बसलीय. फरक इतकाच की तिथं आवाज होत नाही, हळूहळू टनेज उतरतं आणि आपण बेण्याला दोष देतो.

जिप्समबद्दल बोलल्याशिवाय हा विषय संपत नाही. रान पांढरं झालं की "दोन टन जिप्सम टाका" हे ठरलेलं वाक्य. कुठल्या रानात? नुसतं क्षारयुक्त असेल, म्हणजे सामू साडेआठच्या आत आणि विनिमय सोडियम १५ टक्क्यांच्या आत, तर जिप्समचं तिथं काही काम नाही. तिथं मीठ धुऊन बाहेर काढायचं असतं. चोपण असेल, सामू साडेआठच्या वर आणि सोडियम १५ च्या वर, माती ओली असताना लोण्यासारखी आणि सुकल्यावर दगडासारखी, तर जिप्सम हवंच. कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून ढकलून देतो. पण ढकललेला सोडियम जाणार कुठं? खाली निचरा नसेल तर तो तिथंच पाण्यात फिरत राहणार, दाब वाढवत. निचऱ्याशिवाय टाकलेलं जिप्सम म्हणजे भाडेकरूला खोलीतून काढून ओसरीवर बसवणं.

आणि माती परीक्षणाचा कागद. यात फार जणांची फसगत होते, आणि कुणी मुद्दाम फसवत नाही म्हणून ती जास्त वाईट. पुस्तकातला ४ चा आकडा संपृक्त चिखलाच्या अर्काचा, हे वर सांगितलं. आपल्या प्रयोगशाळा बहुतेक वेळा एक भाग माती आणि दोन किंवा अडीच भाग पाणी घेऊन ईसी काढतात. शंभर ग्रॅम काळ्या मातीचा चिखल करायला सत्तर-ऐंशी मिली पाणी पुरतं, इथं अडीचशे मिली घातलं. तीन पट पातळ झालं. म्हणून कागदावर १.५ आलं असेल तर पुस्तकाच्या मापात ते साडेचार-पाचच्या घरात जातं. माणूस कागद बघतो, पुस्तकात चार वाचतो, आणि दीड म्हणजे उत्तम म्हणून घरी जातो. सल्लागारांनी निदान एवढं तरी विचारावं, की साहेब, हा आकडा कुठल्या पद्धतीचा?

घरीही करता येतं. ईसी मीटर टॉनिकच्या बाटली-दोन बाटल्यांच्या किमतीत येतो. वाळवून कुटलेली शंभर ग्रॅम माती, अडीचशे मिली बॅटरीत घालायचं पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळा, निवळू द्या, वरच्या पाण्याची ईसी घ्या, काळ्या रानात तीननं गुणा. अंदाज मिळतो, प्रयोगशाळेला तो पर्याय नाही. पण नमुना फक्त वरच्या सहा इंचांचा घेऊ नका. पहिल्या फुटाचा, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा वेगवेगळा घ्या. वर जास्त, खाली कमी असेल तर मीठ खालून वर येतंय. वर कमी आणि खाली वाढत गेलं असेल तर तुमचं रान अजून स्वतःला धुतंय, तिथं घाबरायचं कारण नाही.

त्याच खड्ड्याला सहा फूट करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी कितीवर उभं राहिलंय ते टेपनं मोजा. खड्डा कोरडा राहिला, निचरा चांगला असेल, तर पाणीच औषध आहे: पीक नसताना भरपूर आणि चांगलं पाणी देऊन मीठ मुळाच्या खाली ढकला, पावसाळ्यात बांध घालून पाऊस रानातच जिरवा. खड्ड्यात चार फुटांवर पाणी दिसलं तर हे सगळं विसरा. तिथं आधी बाहेर जायची वाट लागेल. उघडा चर, नाहीतर साधारण चार फुटांवर सच्छिद्र पाईप. त्याशिवाय दिलेली प्रत्येक जास्तीची पाळी भूजल वर उचलते. पाळी कमी पाण्याची द्या, एकाआड सरी द्या, ड्रीप असेल तर तो वापरा, पाचट रानात ठेवा म्हणजे माथ्यावरून बाष्प कमी उडेल.

ड्रीपवाल्यांना एक वेगळी सूचना, वळीव तोंडावर आलाय म्हणून. तोटीखालचा ओला गोळा मीठ स्वतःच्या कडेला ढकलत असतो, मुळ्या मधल्या गोड्या भागात असतात. वळवाचा हलका शिडकावा आला की आपण खूश होऊन ड्रीप बंद करतो, आणि तो शिडकावा कडेचं साठलेलं मीठ धुऊन नेमकं मुळ्यांत आणतो. पाऊस आला आणि दुसऱ्या दिवशी पीक सुकलं, असं ज्यांना वाटलं असेल त्यांना आता कारण कळेल. हलका पाऊस चालू असताना ड्रीप चालूच ठेवा. मोठा, दोन-तीन इंचांचा पाऊस झाला की मग बंद करा, तो मीठ खाली घेऊन जातो.

पाईप टाकायचा खर्च एकरी लाखाच्या घरात जातो, हे मला माहीत आहे. आणि पैशापेक्षा मोठी अडचण ही की पाईपातून निघालेलं पाणी शेजाऱ्याच्या बांधातून ओढ्याला न्यावं लागतं. एकट्याच्या दोन एकराला पाईप टाकून काही होत नाही, वरच्याचं पाणी तुमच्याकडं येत राहतं. शिरोळ तालुक्यात गटानं, गावानं मिळून हे केलंय, पांढरी पडलेली रानं परत उसाखाली आलीत. जाऊन बघा, लोक दाखवतात. आपल्याकडं मात्र ओढाच बुजवलाय. दोन्ही काठांनी पाच-पाच फूट पुढं सरकून ऊस लावलाय, वर बाभळी आणि गाळ. त्यावर कुणी बोलत नाही, कारण प्रत्येकाचा पाच फुटांत वाटा आहे. टॉनिकच्या बाटलीवर बोलणं सोपं जातं.

पुढच्या आठवड्यात आमच्या गटातले अकरा जण आपापल्या रानात सहा फुटांचा खड्डा घेणार आहेत, एकाच दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाणी मोजणार आहेत. वरच्या अंगापासून ओढ्यापर्यंतचे आकडे एका कागदावर आले की ओढा कुठं तुंबलाय ते आपोआप दिसेल. मग तो कागद घेऊन ग्रामसभेत जायचं आहे. ज्यांनी फोटो पाठवलेत त्यांनीही हेच करा. तोवर मोटार बंद ठेवा आणि पोत्याचं तोंड उघडू नका.